गोष्टींतला भूतकाळ

माझ्या आजच्या भाषणाचा विषय फ्रेंच भाषेंतील एक भूतकाळ हा आहे. हें ऐकून आपणांपैकीं कांहींजणांचा हात रेडिओच्या खुंटीकडे वळला असेल, तर त्यांनीं तो क्षणभर आवरावा अशी माझी विनंती आहे. मी कांहीं फ्रेंच भाषेचा पंडित नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यानंतर शिक्षकाची सनद घेऊन मीं तेहतीस वर्षें मराठी व इतिहास हे विषय मुलांना शिकविले. व्याकरणाच्या तासाला मुलें जांभया देतात हें मला पुरतें ठाऊक आहे, म्हणून आजचा तास मी होईल तितका सोपा ठेवणार आहें.

फ्रेंच शिकण्याचा प्रसंग मजवर माझ्या नातीमुळें आला. माझी मुलगी व जांवई फ्रान्समध्यें ल्यों या शहरीं राहतात आणि नात तेथील शाळेंत जाते. दर रविवारीं फोनवर आमची भेट होते. चार वर्षांपूर्वींची गोष्ट. ती तेव्हां दहा वर्षांची होती. एका रविवारीं ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही मास्तर होतात ना? मग माझं पाठांतर घ्या." मीं होकार देतांच तिनें हातांतला कागद वाचावयास सुरुवात केली: "पार्ला, पार्लेर, फिनी, फिनीर, आताँदी, आताँदीर." अर्थाचें एक अक्षरही मला कळलें नाहीं. परंतु जन्मभर क्रियापदें चालविलेल्या माझ्या कानाला एक गोष्ट खटकली. प्रत्येक क्रियापदाचीं रूपें दोनच होतीं. "अग, प्रथम आणि द्वितीय पुरुष कोठें गेले?" असें मीं विचारलें. ती म्हणाली, "बाईंनी एवढीच दिली आहेत. बाकीची कुणी वापरत नाही."

कोणी वापरीत नाहीं म्हणून शिकवावयाचें नाहीं, हें उत्तर माझ्या मनाला पटेना. दुसऱ्याच दिवशीं मीं जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फ्रेंच व्याकरणाचें एक झिजलेलें पुस्तक आणलें आणि साठी उलटल्यावर पुन्हां विद्यार्थी झालों. पुढें जें कळलें तें आपणांस सांगतों.

या काळाला फ्रेंचमध्यें 'पासे सँप्ल' म्हणतात. त्याचा अर्थ साधा भूतकाळ. नांव साधें असलें तरी त्याची रीत मात्र न्यारी आहे. आजचा फ्रेंच मनुष्य घरांत, बाजारांत, कचेरींत बोलतांना हा काळ वापरीत नाहीं. पण कथा, कादंबरी, इतिहास, चरित्र आणि परीकथा यांच्या पानापानावर तो आढळतो. बोलण्यांत त्याची जागा 'पासे कोंपोझे', म्हणजे जोड-भूतकाळ, यानें घेतली आहे. मराठींत 'तो बोलला' आणि 'तो बोलला आहे' अशीं दोन रूपें आपणांजवळ आहेत. आतां अशी कल्पना करा कीं, महाराष्ट्रांत सर्वजण बोलतांना 'तो बोलला आहे', 'ती निघाली आहे', 'आम्ही काल आलों आहों' एवढेंच म्हणूं लागले, आणि 'बोलला', 'निघाली', 'आलों' हीं रूपें केवळ छापील गोष्टींत उरलीं. फ्रेंचची आज नेमकी तीच स्थिति आहे. 'ईल पार्ला' म्हणजे 'तो बोलला', हें पुस्तकांतलें. 'ईल आ पार्ले' हें सहायक क्रियापद जोडून केलेलें, तें तोंडचें.

आतां रूपें कशीं होतात तें पाहूं. फ्रेंचमधील नियमित क्रियापदांचे तीन वर्ग शिकवितात. पहिल्या वर्गाचें मूळ रूप लिहितांना ई-आर या अक्षरांनीं संपतें. भाषेंतील दर दहा क्रियापदांपैकीं जवळजवळ नऊ याच वर्गांतलीं, तेव्हां हा एक वर्ग साधला कीं बहुतेक काम झालें. 'पार्ले' म्हणजे बोलणें हें क्रियापद घ्या. शेवटचीं दोन अक्षरें काढलीं कीं 'पार्ल' हें अंग उरतें. त्याला सहा प्रत्यय लागतात. झ पार्ले, मी बोललों. त्यु पार्ला, तूं बोललास. ईल पार्ला, तो बोलला. नू पार्लाम, आम्ही बोललों. वू पार्लात, तुम्ही बोललां. ईल पार्लेर, ते बोलले. लिहितांना हे प्रत्यय असे: ए-आय, ए-एस, नुसता ए, मग ए-एम-ई-एस आणि ए-टी-ई-एस, या दोहोंतील ए या अक्षराच्या डोक्यावर एक लहानशी टोपी, आणि शेवटीं ई-आर-ई-एन-टी, ज्यांतील पहिल्या ई वर डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ. शेवटचीं पुष्कळशीं अक्षरें मुकीं असतात. तीं लिहावयाचीं, उच्चारावयाचीं नाहींत.

मराठी मनुष्याला येथें दोन सोयी आहेत. आपल्या भूतकाळांत लिंग दिसतें: तो बोलला, ती बोलली, तें बोललें. फ्रेंचमध्यें 'ईल पार्ला' आणि 'एल पार्ला', तो आणि ती दोघांनाही रूप एकच. दुसरी सोय याहून मोठी. आपण 'मीं दार बंद केलें', 'खिडकी बंद केली', 'दरवाजा बंद केला' असें कर्माप्रमाणें क्रियापद बदलतों. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला येथें घाम फुटतो. फ्रेंचमध्यें बंद केलेली वस्तु कोणतीही असो, 'झ फेर्मे' एवढें एकच रूप. कर्ता पाहावा आणि प्रत्यय लावावा. कर्माकडे ढुंकूनही पाहूं नये.

टोपीची हकीकत मनोरंजक आहे. तुम्ही-वाचक रूपांत पूर्वीं एस हें अक्षर होतें. लॅटिनमधून तें आलें होतें. उच्चारांतून तें गळालें आणि त्याची आठवण म्हणून अक्षराच्या डोक्यावर टोपी राहिली. आम्ही-वाचक रूपांत असें कांहीं गळालेलें नव्हतें, पण शेजाऱ्याची टोपी पाहून त्यानेंही ती चढविली. हें ऐकून माझी नात खूप हंसली, आणि त्यानंतर ती टोपी विसरली नाहीं.

याच वर्गांत लेखनाच्या दोन खुब्या आहेत. 'माँझे' म्हणजे खाणें. यांतील जी या अक्षराचा मऊ उच्चार पुढें ए आल्यास कठोर होईल, म्हणून मध्यें एक मुका ई घालतात आणि 'माँझा', त्यानें खाल्लें, असें लिहितात. 'कोमाँसे' म्हणजे आरंभ करणें. यांतील सी हें अक्षर ए पुढें आल्यास 'क' होऊं पाहतें, म्हणून त्याच्या पायाशीं एक लहान शेपटी जोडतात. 'त्यांनीं खाल्लें', 'त्यांनीं आरंभ केला' या रूपांत प्रत्यय ई नें सुरू होतो, म्हणून तेथें मुका ई नको आणि शेपटीही नको. नियमाचें कारण कळलें कीं अपवाद पाठ करावे लागत नाहींत, हें मी मुलांना नेहमीं सांगत असें. येथें त्याचा मलाच प्रत्यय आला. आणखी एक गंमत सांगतों. 'आले' म्हणजे जाणें हें क्रियापद वर्तमानकाळांत अत्यंत खोडकर आहे. पण या भूतकाळांत तें शहाण्या मुलासारखें वागतें: 'ईल आला', तो गेला. 'ईल आलेर', ते गेले. फ्रेंच 'आला' म्हणजे मराठी 'गेला'! हें एकदां ऐकल्यावर मराठी मूल तें जन्मांत विसरणार नाहीं.

दुसरा वर्ग आय-आर ने संपणाऱ्यांचा. यांत सुमारें तीनशें क्रियापदें आहेत. 'फिनीर' म्हणजे संपविणें. रूपें अशीं: फिनी, फिनी, फिनी, फिनीम, फिनीत, फिनीर. अंगाला आय-एस, आय-एस, आय-टी, मग टोपीवाला आय घेऊन एम-ई-एस व टी-ई-एस, आणि शेवटीं आय-आर-ई-एन-टी. येथें एक अडचण आहे. एकवचनाचीं तिन्ही रूपें वर्तमानकाळाशीं अक्षरशः जुळतात. 'ईल फिनी' म्हणजे 'तो संपवितो' कीं 'त्यानें संपविलें', हें शेजारच्या वाक्यांवरूनच ओळखावें लागतें. अनेकवचनांत मात्र घोटाळा नाहीं.

तिसरा वर्ग आर-ई ने संपणाऱ्यांचा. 'आताँद्र' म्हणजे वाट पाहणें, 'रेपोंद्र' म्हणजे उत्तर देणें, 'पेर्द्र' म्हणजे हरविणें. शेवटचीं दोन अक्षरें काढावीं आणि दुसऱ्या वर्गाचेच प्रत्यय लावावे. आताँदी, त्यानें वाट पाहिली. आताँदीर, त्यांनीं वाट पाहिली. म्हणजे वर्ग तीन असले तरी प्रत्ययांच्या माळा दोनच, एक 'आ'ची आणि एक 'ई'ची. अनियमित क्रियापदांची गोष्ट वेगळी. त्यांत आणखी माळा आहेत, पण तो आजचा विषय नव्हे.

येथें दोन ठिकाणीं पाय घसरतो, म्हणून इशारा देऊन ठेवतों. पहिल्या वर्गांत 'मी बोललों' आणि 'मी बोलत असें' या दोन रूपांत लेखनांत केवळ एका एस चा फरक असतो. उच्चारांतही पुष्कळ लोक तो फरक करीत नाहींत. शंका आल्यास 'मी'च्या जागीं 'तो' घालून पाहावें. लगेच 'पार्ला' कीं 'पार्ले' हें कानाला कळतें. दुसरें असें कीं, टोपी फक्त आम्ही आणि तुम्ही यांच्या रूपांवर. 'तो'च्या रूपावर टोपी चढली कीं तें रूप निराळ्याच अर्थाचें, संशयार्थी भूतकाळाचें, होतें.

आतां हा काळ वापरावयाचा केव्हां? यासाठीं मला उदाहरण आपल्या मुंबईचेंच सांपडलें. ज्यूल व्हेर्न याची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिअस फॉगची कादंबरी १८७२ सालीं पॅरिसच्या 'ल ताँ' या वर्तमानपत्रांत क्रमशः छापली गेली. व्हेर्नला मराठी मुलांच्या भेटीस आणणारे भा. रा. भागवत आपणांपैकीं अनेकांना बालपणापासून परिचित असतील. त्या कादंबरींत फॉगची बोट २० ऑक्टोबरला मुंबईस लागते. त्याचा नोकर पास्पार्तू शहर पाहावयास निघतो. रस्त्यांत पारशांचा उत्सव चाललेला असतो. हिंडतां हिंडतां तो मलबार हिलवरील देवळांत जोडे न काढतां शिरतो. पुजारी त्याला आडवा पाडतात, जोडे ओढून काढतात. तो उठतो, ठोसे लगावतो, धूम ठोकतो, आणि आठाच्या गाडीला पांच मिनिटें उरलीं असतां अनवाणी स्टेशन गांठतो.

या प्रसंगाचे दोन भाग करा. उत्सव चालला होता, गर्दी दाटली होती, ऊन पडलें होतें: हा झाला देखावा. तो 'अँपार्फे' नांवाच्या अपूर्ण भूतकाळांत सांगावयाचा. तो शिरला, त्यांनीं पाडलें, तो उठला, तो पळाला: हीं झालीं एकामागून एक घडलेलीं आणि पुरी झालेलीं कृत्यें. तीं आपल्या साध्या भूतकाळांत सांगावयाचीं. मनाशीं विचारावें, 'मग काय झालें?' उत्तर म्हणून जें क्रियापद येईल त्याला हा काळ. 'तेव्हां काय चाललें होतें?' याचें उत्तर असेल त्याला दुसरा. मुलांना गोष्ट सांगतांना तीं सारखीं 'मग? मग?' करतात ना? फ्रेंच मुलांच्या प्रत्येक 'मग?'चें उत्तर शेकडों वर्षें या काळानें दिलें आहे. पेरोच्या १६९७ सालच्या परीकथांत तो आहे आणि १९४३ सालच्या 'छोट्या राजपुत्रा'च्या गोष्टींतही आहे.

मग बोलण्यांतून तो गेला कसा? जुन्या फ्रेंच वैयाकरणांनीं एक नियम घालून दिला होता. घडलेल्या गोष्टीवरून निदान एक रात्र गेली असेल तरच हा काळ वापरावा. आजची गोष्ट असेल तर जोड-भूतकाळ वापरावा. १६३७ सालीं कोर्नेय याचें 'ल सीद' हें नाटक रंगभूमीवर आलें, तेव्हां फ्रेंच अकादमीनें त्याचें परीक्षण करतांना एका पात्राच्या तोंडीं हा काळ चुकीचा घातला आहे असा ठपका ठेवला. कारण त्यानें केलेल्या अपमानानंतर मध्यें एकही रात्र गेली नव्हती! १६६० सालच्या पोर-रोयालच्या व्याकरणांतही हाच दंडक आहे. हें वाचतांच मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलों. कारण संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला 'अनद्यतन भूत' हा शब्द ठाऊक आहे. जें आजचें नव्हे तें अनद्यतन. पाणिनीनें लङ् हा लकार अशा भूतकाळासाठींच सांगितला आहे. एकमेकांचें नांवही न ऐकलेल्या दोन देशांतील वैयाकरणांना 'आज' आणि 'आजपूर्वीं' यांच्या मध्यें एकच कुंपण दिसावें, याचें मला फार नवल वाटलें.

पुढें तें कुंपण मोडलें. बोलणाऱ्यांनीं कालच्या, परवांच्या, दहा वर्षांपूर्वींच्या गोष्टींसाठींही जोड-भूतकाळच वापरण्यास आरंभ केला. १९०९ सालीं आंत्वान मेये या भाषाशास्त्रज्ञानें या काळाच्या लोपावर लेख लिहिला. १९४२ सालीं आल्बेर कामू यानें आपली 'लेत्रांजे' ही कादंबरी मुख्यतः जोड-भूतकाळांत लिहिली, आणि ती वाचतांना परका मनुष्य आपल्याशीं समोर बसून बोलतो आहे असा भास होतो. १९५९ सालीं एमिल बाँव्हनिस्त यानें असें मांडलें कीं, हे दोन काळ एकाच घराचे दोन वारस नसून दोन निराळ्या घरांत राहतात: एक इतिहासाच्या, जेथें सांगणारा दिसत नाहीं आणि घटना जणूं आपणच स्वतःला सांगतात; दुसरा संभाषणाच्या, जेथें 'मी' आणि 'तूं' हजर असतात.

शाळांतही बदल झाला. २०१६ सालापासून अमलांत आलेल्या फ्रेंच अभ्यासक्रमांत लहान मुलांसाठीं या काळाचीं केवळ तृतीय पुरुषाचीं रूपें ठेवण्यांत आलीं. इतर पुढील इयत्तांवर ढकललीं. नातीच्या कागदावर दोनच रूपें कां होतीं हें मला तेव्हां समजलें. एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'च्या फ्रेंच भाषांतराच्या नव्या आवृत्तींत तर हा काळ काढून वर्तमानकाळ घातला आहे. यावर तेथील पालकांत व शिक्षकांत बरेंच वादळ उठलें. एक पक्ष म्हणतो, मुलांवरील ओझें कमी झालें. दुसरा म्हणतो, मुलांच्या हातून आजोबांच्या पुस्तकांची किल्ली गेली.

मी अर्थातच किल्लीच्या पक्षाचा होतों, आणि तें थोड्याशा तोऱ्यानें. पुढच्या उन्हाळ्यांत मी व माझी पत्नी ल्योंला गेलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीचा हात धरून आम्ही पावाच्या दुकानांत शिरलों. दुकानदारीण बाईनें विचारलें, कधीं आलांत? मीं छाती काढून उत्तर दिलें, "नूझारिवाम ईयेर." प्रत्यय बरोबर होता, टोपीसुद्धां बरोबर होती. बाईच्या हातांतला पाव तसाच राहिला. मग ती हंसली आणि म्हणाली कीं, माझ्याशीं आजवर कोणीं असें पुस्तकासारखें बोललें नव्हतें. मराठींत सांगावयाचें तर मी किराण्याच्या दुकानांत 'आम्ही काल येते झालों' असें म्हटलें होतें. माझी पत्नी पदराआड हंसत होती आणि नात आपल्या बुटांकडे पाहत होती.

घरीं येतांना नात म्हणाली, "आजोबा, तुमची पत्रंही अशीच असतात." मीं विचारलें, "अशीं म्हणजे कशीं?" तिनें खोलींतून एक डबा आणला. दर महिन्याला मीं तिला मराठींत पत्र लिहीत असें, आमच्या घराण्याच्या जुन्या हकीकती कळाव्या म्हणून. डब्यांत सोळा पत्रें होतीं, नीट घडी घातलेलीं. पण त्यांतलीं बहुतेक तिनें पहिल्या चार ओळींपलीकडे वाचलीं नव्हतीं. एका पत्रांत मीं माझ्या आईविषयीं लिहिलें होतें: 'ती पहाटे चारला उठे, जात्यावर बसे आणि ओव्या गाई.' नातीनें निरागसपणें विचारलें, "आजोबा, तुमच्या आईकडे ओव्या नावाच्या किती गाई होत्या?"

श्रोतेहो, मी हंसलों, पण रात्रीं मला झोंप लागली नाहीं. 'उठे, बसे, गाई, करी, देई' हा आपला रीतिभूतकाळ. आज शहरांतल्या बोलण्यांत तो जवळजवळ नाहीं. आपण 'उठायची', 'बसायची', 'गायची' असें म्हणतों. तो आपलाही पुस्तकांतलाच भूतकाळ झाला आहे. किल्ली हरवल्याबद्दल मी फ्रेंच लोकांना दोष देत होतों, आणि माझ्या स्वतःच्या नातीसमोर सोळा कुलुपें मांडून बसलों होतों. 'उठे'चा अर्थ ती 'उठते' असा करी, आणि त्यांतही तिची चूक म्हणावी तर थोडीच. ज्ञानेश्वरीच्या काळीं, म्हणजे १२९० च्या सुमारास, हींच रूपें वर्तमानकाळाचीं होतीं.

मग आम्हीं एक करार केला. एका वहीचें पान मधोमध दुमडावयाचें. डावीकडे तिनें मला फ्रेंचचीं सहा रूपें लिहून द्यावयाचीं, उजवीकडे मीं तिला मराठीचीं. बोलण्यांत तीं आणण्याचा आग्रह धरावयाचा नाहीं. वाचतांना ओळखतां आलीं म्हणजे पुरे. रविवारीं अर्धा तास ती मला व्हेर्न वाचून दाखवी आणि अर्धा तास मी तिला माझेंच एक जुनें पत्र वाचून दाखवीं. सोळा पत्रें संपण्यास आम्हांला साडेसात महिने लागले. ओव्या गाणाऱ्या बाईची आतां तिची चांगली ओळख झाली आहे.

दोन वर्षांपूर्वीं माझी पत्नी वारली. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं नातीला शाळेंत घरांतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीवर निबंध लिहावयाचा होता. तिनें आजीवर लिहिला आणि मला फोनवर वाचून दाखविला. आजी तिची वेणी घाली, हें तिनें अपूर्ण भूतकाळांत लिहिलें होतें. तें योग्यच, कारण ती रीत होती. ल्योंच्या घरीं एका दुपारीं आजीनें तिला पुरणपोळी लाटावयास शिकविलें, तो प्रसंग साध्या भूतकाळांत होता, तेंही योग्य. शेवटचें वाक्य आजी आम्हांला सोडून गेली असें होतें. 'किते' म्हणजे सोडून जाणें. पहिल्या वर्गाचें, पूर्णपणें नियमित क्रियापद. सारा निबंध पुस्तकी भूतकाळांत, म्हणून तेथें 'एल नू किता' असें हवें होतें. तिनें 'एल नूझा किते' असा जोड-भूतकाळ घातला होता.

माझ्यांतला मास्तर जागा झाला आणि मीं चूक दाखविली. ती म्हणाली, "मला माहीत आहे, आजोबा. पण तो काळ घातला, की आजी गोष्टीतली होते. तिथं मी तो घालणार नाही."

मीं पुढें कांहीं बोललों नाहीं. पोर-रोयालचें व्याकरण, बाँव्हनिस्तचा लेख आणि पाणिनीचा लकार यांतून मीं जें महिनोन्‌महिने वेंचून काढलें होतें, तें त्या मुलीला एका वाक्यांत कळलें होतें. तिच्या बाईंनीं तें वाक्य तसेंच ठेवलें.

तेव्हां, ज्यांच्या घरीं मुलें फ्रेंच शिकतात त्यांना माझें सांगणें एवढेंच: हा काळ निरुपयोगी म्हणून टाळूं नका. प्रत्ययांच्या दोन माळा, दोन टोप्या आणि एक तिरपी रेघ. रोज दहा मिनिटें दिलीं तर दोन आठवड्यांचें काम. तें झालें कीं चारशें वर्षांचें वाङ्मय वाचण्यास मोकळें होतें. फक्त पावाच्या दुकानांत तो बोलूं नका. आणि ज्यांच्या घरीं फ्रेंच नाहीं त्यांनीं आपल्या मुलांपुढें एखादें जुनें मराठी पुस्तक किंवा घरांतलें जुनें पत्र उघडावें, आणि 'करी, जाई, सांगे' हीं रूपें त्यांना कळतात कीं नाहीं एवढें सहज विचारून पाहावें. कळत नसल्यास रागावूं नये. पानाची घडी घालून शेजारीं बसावें.

गेल्या महिन्यांत नातीचें मराठींत पत्र आलें. त्यांत एक ओळ अशी होती: 'आजी मला खिडकीत बसवून गोष्ट सांगे.' लाल पेन्सिल हातांत घेऊन मीं ती ओळ दोनदां वाचली. दुरुस्त करण्यासारखें कांहीं नव्हतें.